जरिना मॅडमचा उलटा तास

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जरिना मॅडम वर्गात आल्या, हजेरी घेतली आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. खडूच्या डब्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "या वर्षी मी वर्गात शिकवणार नाही," त्या म्हणाल्या. मागच्या बाकावरून वीरधवल "अरेरे" म्हणाला. त्या अरेरेत दुःख किती आणि आनंद किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग मॅडमनी नीट समजावून सांगितलं. रोज संध्याकाळी त्या आमच्या ग्रुपवर वीस मिनिटांचा व्हिडिओ टाकणार. नवा धडा त्यात असणार. तो आम्ही घरी बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसून फक्त गणितं सोडवायची. सिद्धता लिहायच्या, अडलं तर विचारायचं, एकमेकांशी भांडायचं. भांडायचं हा शब्द त्यांचाच.

"म्हंजे हितलं घरी आन् घरचं हितं?" अश्फाकनं विचारलं.

"अगदी बरोबर."

"मग ह्यो उलटा तास झाला की, मॅडम."

झालं, नाव पडलं. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांत या पद्धतीला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव आहे म्हणे, मॅडमनी कुठल्याशा शिबिरात ते ऐकलं होतं. इस्लामपुरातल्या आमच्या कॉलेजात मात्र शेवटपर्यंत ते 'उलटा तास'च राहिलं. कॉलेजचं नाव इथं लिहीत नाही. पुढं जे घडलं, ते वाचल्यावर का लिहीत नाही ते कळेल.

मॅडमचं आडनाव शिकलगार. वडील चांदसाहेब, आम्ही त्यांना चांदचाचा म्हणायचो. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं धार लावायचं दुकान होतं. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यांचा ढीग लागायचा तिथं, एरवी कात्र्या, अडकित्ते, विळ्या. अशा घरातली मुलगी गणितात एम.एस्सी. झाली, सेट पास झाली आणि कॉलेजात शिकवायला लागली, याचं गल्लीला फार कौतुक. कौतुकाला एकच गालबोट होतं. मॅडम कायम झालेल्या नव्हत्या.

तासिका तत्त्व म्हणतात त्याला. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र मिळतं, एप्रिलात नोकरी संपते, पुन्हा जूनमध्ये पत्र मिळेल की नाही ते कुणी सांगत नाही. मॅडमची अशी बारा वर्षं गेली होती. नवरा मुजीबभाई वाईला, तिथं त्यांचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. मॅडम इकडं माहेरी, लेक मुबश्शिराला घेऊन. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मायलेकी साताऱ्याची एसटी पकडायच्या, तिथून वाई, आणि सोमवारी पहाटे परत. आज ना उद्या जागा कायम होईल, मग मुजीबभाई दुकान इकडं हलवतील, या आशेवर तो संसार दोन गावांत मांडलेला होता. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं. वर्गात सगळ्यांनाच माहीत होतं. लहान गावात कुणाचं काय अडलंय ते कुणाला माहीत नसतं?

आणि त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर, गणिताची एक जागा मंजूर झाल्याची बातमी आली. मुलाखती मार्चमध्ये. चांदचाचांनी गल्लीत सगळ्यांना चहा पाजला. मॅडम म्हणाल्या, अब्बा, अजून काही झालं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर त्या महिन्यात एक वेगळंच तेज होतं, ते मला अजून दिसतं.

उलट्या तासाचं आमच्या घरी फार चांगलं स्वागत झालं नाही. आमचं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या काठी. माझे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांना मी सांगितलं तेव्हा ते गोठ्यातून कुट्टीची पाटी खाली ठेवून बाहेर आले.

"फौजेत उस्ताद आदी करून दावतो, मग जवान करतो," ते म्हणाले. "ही बाई जवानालाच म्होरं धाडतीया. मग पगार कशाचा घेती?"

आई, शालूबाई, वेगळ्याच कारणानं खूश होती. मी संध्याकाळी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, वही घेऊन समोर बसायची, आणि आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मॅडमचा आवाज तिला आवडला. एखाद्या दिवशी व्हिडिओ यायला उशीर झाला तर विचारायची, "आज त्यो एप्सिलॉन आला न्हाई व्हय गं?"

ते व्हिडिओ कसले होते म्हणून सांगू! मॅडम पहाटे नमाज झाल्यावर, दुकान उघडायच्या आत, दुकानाच्याच भिंतीला एक पांढरा फळा लावून ते करायच्या. मोबाइल कशावर तरी उभा केलेला असायचा, त्यामुळं सगळं किंचित तिरकं दिसायचं. मॅडम पूर्ण दिसायच्याच नाहीत. एक हात, हातातल्या हिरव्या बांगड्या, आणि आवाज. मागं कोंबडा, दूधवाल्याची घंटा, चांदचाचांचा खोकला. एकदा तर ऐन रंगात मुबश्शिराचा आवाज आला, "अम्मी, मेरा मोजा किधर है?" मॅडमनी न थांबता सांगितलं, "पलंग के नीचे देख," आणि पुढच्याच श्वासात, "तर समजा, एप्सिलॉन दिलेला आहे." पुढं वर्षभर कुणाचं पेन, कुणाचं आयकार्ड हरवलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "पलंग के नीचे देख."

वर्गात मॅडम निराळ्याच असायच्या. बाकाबाकावरून फिरायच्या, मधेच आमच्यात सरकून बसायच्या, वहीत डोकावायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "का?" उत्तर बरोबर असलं तरी "का?" चुकलं असलं तरी "का?" पोरांनी त्यांचं नाव 'का मॅडम' ठेवलं होतं. वीरधवलनं एकदा वैतागून विचारलं, "मॅडम, बरोबर हाय न्हवं? मग कशाला का?" त्यावर त्या म्हणाल्या, "का?" सगळा वर्ग खो खो हसला, आणि वीरधवलही.

पण खरं सांगायचं तर व्हिडिओ बघणारे आम्ही थोडेच होतो. कुणाच्या घरी एकच मोबाइल आणि तो वडिलांच्या खिशात. कुणाचं नेट सिनेमात संपलेलं. कुणाला घरी गेल्यावर जनावरांच्या वैरणीचं काम. आणि बऱ्याच जणांना साधा कंटाळा. तरी मॅडमच्या तासाला कोरं डोकं घेऊन बसायची सोय नव्हती, त्या "का?" विचारायच्या. यावर आमच्या वर्गानं आपल्या पद्धतीनं तोड काढली. शिवांजली व्हिडिओ बघते, तिनं आम्हाला सांगावं.

शिवांजली म्हणजे मी.

सुरुवात एसटीत झाली. पलूसहून येणाऱ्या सकाळच्या गाडीत आम्ही सात-आठ जण असायचो, त्यांना मी कालचा व्हिडिओ सांगायची. मग इस्लामपूरची पोरं म्हणाली, आमी काय पाप केलंय? तेव्हा सव्वानऊला चौदा नंबरच्या खोलीत वर्ग भरायला लागला. मॅडमचा तास दहाला. पाऊण तास मी फळ्यावर उभी. ज्या फळ्याकडे मॅडमनी पाठ फिरवली, तो असा माझ्या ताब्यात आला. मॅडमनी उलटा केलेला तास आम्ही पुन्हा सुलटा करून टाकला आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

हंगाम सुरू झालेला असायचा, कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड वास खिडकीतून यायचा, पोरं ऊस मोडून खात खात ऐकायची. माझ्या हाताला खडूची सवय झाली. एखादी गोष्ट चाळीस जणांना एकदम कळते तेव्हा खोलीत एक बारीकशी हालचाल होते, माना हलतात, कुणीतरी "आत्ता आलं बघ ध्यानात" म्हणतं. ते मला फार आवडायला लागलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी आज सव्वीस वर्षांची होऊन सांगते आहे, तरी त्यात काही बदल करावासा वाटत नाही.

मॅडमना हे कळलं ते माझ्या चुकीमुळं. लिमिटची व्याख्या चालली होती. ती तशी साधी आहे. समोरचा आधी अट घालतो की मला एवढीच चूक चालेल, तो एप्सिलॉन. मग आपण सांगायचं की त्यासाठी किती जवळ यावं लागेल, तो डेल्टा. अट आधी, उत्तर मागून. मी घाईघाईत उलटं शिकवलं. डेल्टा आधी ठरवला, एप्सिलॉन मागून घेतला. शिंप्यानं कापड आधी कापावं आणि मापं नंतर घ्यावीत, तसं. आणि वर्गानं ते भक्तिभावानं उतरवून घेतलं.

दहा वाजता मॅडम आल्या. पहिली वही बघितली, "का?" विचारलं. दुसरी बघितली. तिसरी, चौथी. चाळीस वह्यांत एकच चूक, अक्षरसुद्धा इकडचं तिकडं नाही. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि फळ्यावर राहिलेल्या माझ्या अर्धवट पुसलेल्या अक्षराकडे बघत राहिल्या.

"सगळ्यांनी एकाच विहिरीचं पाणी प्यालेलं आहे," त्या म्हणाल्या. "विहीर कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी मला माझ्याच व्याख्येवर एक उदाहरण करायला लावलं. पाचव्या ओळीला मी अडकले, तेव्हा माझं मलाच कळलं. "आता मी दुरुस्त करू?" मॅडमनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "नको. उद्या सव्वानऊला तूच कर. चूक का झाली तेही सांग." दुसऱ्या दिवशी मी ते केलं. चाळीस जणांसमोर आपली चूक आपणच सोडवून दाखवणं हे काय असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. त्या दिवसानंतर मला एप्सिलॉन-डेल्टा कधी अडलं नाही, वर्गातही कुणाला अडलं नाही.

त्यानंतर मॅडम दहाला येईनाशा झाल्या. दहा वाजून दहा मिनिटं, कधी बारा मिनिटं. आम्हाला वाटलं, मुलाखतीची तयारी चालली असेल. मी निवांत माझं संपवायची. मात्र माझ्या वहीत रोज एक चिठ्ठी यायला लागली, दोन-तीन प्रश्न लिहिलेली. हे उद्या त्यांना विचार. यात कुठं फसतील ते बघ. अश्फाकला पुढं बोलाव, तो घाबरतो पण त्याला येतं. चिठ्ठीवर सही नसायची. मी ते प्रश्न विचारायची आणि वर्गाला वाटायचं, शिवांजलीचं डोकं काय चालतं! वर्गाला तसं वाटत होतं आणि मी ते वाटू देत होते. शेफारले होते मी, दुसरा शब्द नाही.

फेब्रुवारीत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे फॉर्म आले. या वेळी ते निवड समितीपुढं जाणार होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी फॉर्म वाटले आणि त्या बाहेर निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "खरं तेच लिहा. गणिताची पोरं आहात तुम्ही." आणि गेल्या.

आमच्या वर्गानं अक्षरशः खरं लिहिलं. मॅडमवर कुणाचा राग नव्हता. उलट सगळ्यांचा जीव होता. पण फॉर्मवर प्रश्न होता, 'शिक्षक विषय कसा शिकवतात?' आणि पोरांनी प्रामाणिकपणानं लिहिलं, 'मॅडम शिकवत नाहीत. शिवांजली शिकवते. खूप छान शिकवते.' माझं कौतुक करायला त्यांना दुसरी जागा मिळणार नव्हती, म्हणून तिथं केलं. 'शिक्षक वेळेवर येतात का?' यावर, 'दहा मिनिटं उशिरा.' शेहेचाळीस फॉर्मांतल्या एकेचाळीस फॉर्मांवर हेच. अश्फाकनं फॉर्म भरून झाल्यावर मला हसत सांगितलं, "तुझं नाव लिवलंय गं, मोठ्या अक्षरात."

मला काय वाटलं? आनंद वाटला. त्या कागदांचं पुढं काय होईल हा विचार डोक्यात आला नाही असं म्हणणार नाही. आला होता. मी तो बाजूला सारला.

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. आत मॅडम बसल्या होत्या. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. वैतागलेला होता. त्यांच्यासमोर फॉर्मांचा गठ्ठा होता.

"मॅडम, हे काय आहे? तुम्ही उशिरा जाता वर्गावर?"

"हो सर."

"का?"

मॅडमना कुणी 'का' विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या म्हणाल्या, "आत तास चालू असतो, सर. शिवांजली शिकवत असते. मी गेले की ती थांबते आणि पोरंही विचारायची थांबतात. मी बाहेर जिन्यापाशी उभी राहून ऐकते. कुठं चुकतंय ते लिहून घेते."

म्हणजे मी बोलत असायची तेव्हा त्या रोज दहा मिनिटं जिन्यापाशी उभ्या असायच्या.

"म्हणजे विद्यार्थिनी आत शिकवणार आणि शिक्षिका बाहेर उभी राहणार?" प्राचार्य म्हणाले. "समितीला हे मी कसं सांगू?" मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग बाळ. भ्यायचं नाही. वर्गाला तूच शिकवतेस?"

तेव्हा मी काय सांगायला हवं होतं? की मी चुकीचं शिकवलं होतं आणि मॅडमनी ते माझ्याच हातानं निस्तरायला लावलं. की प्रश्न सगळे त्यांचे असतात, चिठ्ठ्या माझ्या वहीत अजून आहेत. की दहानंतर बाकाबाकावर बसून त्या जे करतात, त्यामुळं वीरधवलसारखा पोरगा सिद्धता लिहायला लागला आहे. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण प्राचार्य माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि ते कौतुक कुणाबरोबर वाटून घ्यावंसं मला वाटलं नाही.

"हो सर," मी म्हणाले. "मीच शिकवते. रोज सव्वानऊला."

"शाब्बास," प्राचार्य म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वहीतली चूक दिसल्यावर त्या जशा बघायच्या, तसं. मग त्यांनी नजर काढून घेतली.

जागा दुसऱ्या एका सरांना मिळाली. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि ते अख्खा फळा भरवायचे. एप्रिलात मॅडमचं पत्र संपलं, जूनमध्ये नवं आलं नाही. निकालात आमच्या वर्गातले अडतीस जण पास झाले, त्या कॉलेजात गणिताला इतके कधी झाले नव्हते. पेढे घेऊन मी शिकलगार गल्लीत गेले तर दुकानात चांदचाचा एकटेच होते. "जरिना वाईला गेली, बेटा," ते म्हणाले. "आता तिथंच." त्यांनी पेढा घेतला, खाल्ला नाही, गल्ल्यावर ठेवला.

मी कोल्हापूरला एम.एस्सी.ला गेले आणि मॅडमचा नंबर मोबाइलमध्ये तसाच ठेवून दिला. ईदला, शिक्षकदिनाला तो उघडायचा आणि बंद करायचा, एवढंच.

मग लॉकडाऊन आला. मी घरी परतले. धाकटा भाऊ साईराज त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. त्याचे तास मोबाइलवर. एक दिवस तो अंगणात बसून व्हिडिओ बघत होता, आणि मला आतून आवाज ऐकू आला. कोंबडा. दूधवाल्याची घंटा. आणि मग, "तर समजा..." मी धावत बाहेर आले. तिरका पांढरा फळा, हिरव्या बांगड्यांचा हात. आमच्या वर्षाच्या आधी, पहिल्या वर्षासाठी म्हणून मॅडमनी करून बघितलेला जुना व्हिडिओ. नव्या सरांना मोबाइलसमोर बोलायला जमेना, म्हणून कॉलेजच्या ग्रुपवर त्यांनी तोच पाठवला होता. कुणाचा, कुणी केलेला, एक अक्षर नाही.

"ताई, ह्या मॅडम लय भारी शिकवत्यात," साईराज म्हणाला. "कुठल्या कॉलेजला असत्यात गं?"

आई चुलीपाशी होती. ती ऐकायला बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचा आवाज हाय न्हवं?" मी गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले. वडील आले, उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "जाऊन भेटून ये की."

ते भेटणं मी चार वर्षं लांबवलं. मधल्या काळात सेट पास झाले, साताऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. जूनचं पत्र, एप्रिलचा शेवट, सगळं आता मला अनुभवानं कळलं. गेल्या महिन्यात एका रविवारी मी वाईची एसटी पकडली.

नदीच्या घाटाजवळच्या बोळात घर. दार मुबश्शिरानं उघडलं, आता सतरा-अठरा वर्षांची, आईसारखंच कपाळ. मुजीबभाई दुकानात होते. मॅडम आतून आल्या. कानाजवळचे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. जवळच्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवतात. मला बघून एक क्षण थांबल्या.

"ये. बस," त्या म्हणाल्या. "वाळलीस."

चहा झाला. चांदचाचा दोन वर्षांपूर्वी गेले, दुकान मोडलं, मी साताऱ्याला शिकवते, असं सगळं बोलून झालं. अश्फाक पुण्याला आहे, वीरधवल फौजेत भरती झाला. मॅडमना सगळ्यांची नावं पाठ होती, कोण कुठल्या बाकावर बसायचं तेसुद्धा. मग बोलणं संपलं आणि मी रिकामा कप खाली ठेवला.

"मॅडम, त्या दिवशी प्राचार्यांसमोर मी अर्धंच सांगितलं."

"माहीत आहे. मी तिथंच होते की."

मी वाट बघितली. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे, लहान होतीस. इतकी वर्षं मी मनात त्यांच्या तोंडी तेच वाक्य घालत आले होते.

"जागा तुझ्यामुळंच गेली असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "ती कदाचित जाणारच होती. आणि इथं आले त्याचं दुःख नाही मला, घर एकत्र आलं. पण दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तू माझी होतीस. राग आला मला, शिवांजली. दोन वर्षं तुझं नाव निघालं की मुबश्शिरा विषय बदलायची. तो राग आता कमी झालाय. गेला नाही."

मी मान खाली घातली. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, आणि तेच मला मनापासून आवडलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू कशी शिकवतेस आता?"

"फळ्यावर," मी म्हणाले. "पूर्ण तास मीच बोलते."

"पोरं काय लिहितात फॉर्मवर?"

"मॅडम छान शिकवतात. पाचपैकी पाच."

"आणि त्यांना येतं?"

समोरच्या खुर्चीत प्राचार्य नव्हते, समिती नव्हती. 'हो मॅडम, येतं' म्हटलं असतं तर ते तपासायला कुणी साताऱ्याला येणार नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "साठातल्या सात-आठ जणांना येतं. बाकीच्यांना माझं बोलणं ऐकायला आवडतं, वही भरली की त्यांना वाटतं कळलं. मला हे रोज दिसतं, मॅडम. मी एकदासुद्धा त्यांच्या बाकावर जाऊन बसले नाही. बसले आणि त्यांनी लिहिलं की मॅडम शिकवत नाहीत, तर मला जूनचं पत्र मिळणार नाही, याची भीती वाटते. तुमचं काय झालं ते मी बघितलंय. ते मीच केलंय."

बाहेरून मुबश्शिरा काहीतरी विचारायला आली आणि आमच्याकडे बघून तशीच परत गेली.

"आज पूर्ण सांगितलंस," त्या म्हणाल्या.

मला हुंदका आवरला नाही. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणली आणि माझं रडून होईपर्यंत तिथं बसून राहिल्या.